दात काढायला निघालात? आधी गोळीचे पाकीट दाखवा

रात्री टेम्पोत माल भरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरवायचा, सकाळी आडत्याकडून पट्टी घ्यायची आणि हातात पैसे आले, की महिनाभर ठणकणारा दात काढून संध्याकाळच्या एसटीने गाव गाठायचे. पुण्याच्या आसपासच्या तालुक्यांत ही रीत जुनी आहे. एका खेपेत दोन कामे होतात, भाडे वाचते आणि दुसरा खाडा पडत नाही. धडधाकट माणसाचे यात काही बिघडत नाही. पण ज्याच्या सदऱ्याच्या खिशात रक्त पातळ करणारी गोळी आहे, त्याने या रीतीने दात काढू नये. त्याचा दात निघणार नाही असे नाही. दात नक्की निघतो आणि सुखरूप निघतो. मात्र त्याची तयारी निराळी असते.

या बाबतीत आपल्याकडे दोन चुका होतात आणि दोन्ही एकमेकींच्या अगदी उलट आहेत. पहिली चूक म्हणजे गोळीविषयी काहीच न बोलणे. "दाताचं दुखणं आन् छातीची गोळी, त्याचा काय संबंध?" असे म्हणून माणूस खुर्चीत बसतो, दात काढून घेतो आणि रात्री उशी रक्ताने भरली की घरचे घाबरतात. दुसरी चूक त्याहून वाईट. "दात काढायचाय म्हून चार दिस गोळी घेतलीच न्हाई," असे कौतुकाने सांगणारे रुग्ण दंतवैद्यांना नेहमी भेटतात. आपण शहाणपणा केला असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्यांनी दाताच्या खड्ड्यातले रक्त वाचवायला जाऊन मेंदू आणि हृदय पणाला लावलेले असते.

ही गोळी कोणाच्या घरात असते?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गावात अशी गोळी घेणारा एखादाच सापडे. आता तसे राहिलेले नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवलेला, अर्धांगवायू होऊन सावरलेला, पायाच्या शिरेत गाठ झालेला, हृदयाचे ठोके अनियमित पडणारा असा कोणी ना कोणी प्रत्येक वाडीवर आहे. त्यात हृदयाची झडप बदललेले रुग्ण वेगळे. लहानपणी घसा येऊन मागाहून सांधे धरणारा जो ताप येतो, तो पुढे हृदयाच्या झडपा खराब करतो. हा आजार गरिबाघरचा. अशा रुग्णांना धातूची किंवा प्लास्टिकची कृत्रिम झडप बसवतात. ही झडप पूर्वी परदेशातूनच यायची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने देशी झडप तयार केली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाला बसवली गेली. राज्य शासनाच्या जीवनदायी योजनेतून, म्हणजे आताच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रिया सामान्य शेतकरी कुटुंबांच्या आवाक्यात आल्या. त्यामुळे कृत्रिम झडप घेऊन शेतात राबणारी माणसे आज गावोगाव आहेत. अशा माणसाला गोळी जन्मभर घ्यावी लागते.

या गोळ्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचा. रक्तातल्या ज्या बारीक चकत्या एकमेकींना चिकटून जखम बुजवतात, त्यांची चिकटण्याची ताकद या गोळ्या कमी करतात. दुसरा गट वॉर्फरिन आणि असिनोकुमारॉल यांचा. झडपेच्या रुग्णांना बहुधा याच गोळ्या असतात. तिसरा गट नव्या गोळ्यांचा, म्हणजे डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान वगैरे. नावे अवघड आहेत. पाठ करण्याची गरज नाही. गोळीचे रिकामे पाकीट दंतवैद्याच्या टेबलावर ठेवले की काम झाले.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. 'रक्त पातळ' म्हणजे रक्तात पाणी झाले, असे नव्हे. दुधाला विरजण कमी पडले की दही लागायला उशीर होतो, तसेच हे आहे. दूध तेच असते, फक्त लागायला वेळ जास्त लागतो. गोळी घेणाऱ्याचे रक्तही गोठते, पण सावकाश गोठते. दात काढताना करायचे सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत. रक्ताला गोठायला वेळ द्यायचा आणि झालेली गुठळी जागेवर टिकवायची.

बुरशी आलेल्या चाऱ्यातून निघालेले औषध

या औषधाची जन्मकथा शेतकऱ्याच्या गोठ्यातली आहे, म्हणून ती इथे सांगणे वावगे ठरणार नाही. १९२० च्या सुमारास कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत जनावरांना एक विचित्र रोग लागला. शिंगे काढली किंवा खच्चीकरण केले की जनावराचे रक्त थांबेना. काही जनावरे तर काही न करताही आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत. स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्याने कारण शोधले. तिथे 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा साठवून घालत. आपली मेथी आणि लसूणघास यांच्याच भावकीतला हा चारा. ओलाव्याने त्याला बुरशी लागली, की तो खाणाऱ्या जनावराचे रक्त गोठत नसे.

१९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी भर हिमवादळात सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनच्या विद्यापीठात पोचला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि बुरशी आलेला चारा होता. तिथले संशोधक कार्ल लिंक यांनी या चाऱ्याचा पिच्छा पुरवला आणि १९३९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत त्यातले द्रव्य वेगळे काढले गेले. त्याच द्रव्याच्या घराण्यातून पुढे वॉर्फरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदराचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी वापरात आले. आज आपण शेतात आणि गोदामात उंदरांसाठी जे ब्रोमाडायोलोन वापरतो, तेही याच कुळातले. झिंक फॉस्फाइड मात्र वेगळे.

हे वाचून कोणी गोळीला घाबरून ती फेकू नये. मात्रेत घेतली तर ती माणसाला जगवते, मात्रा चुकली तर घात करते, एवढाच या कथेचा बोध. यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारी द्रव्ये बनवते आणि ही गोळी त्या कामाला लगाम घालते. लगाम किती ओढायचा, हे तपासणी करून ठरते.

आय.एन.आर. म्हणजे काय?

ही तपासणी म्हणजे 'पी.टी. - आय.एन.आर.' प्रयोगशाळेत थोडे रक्त दिले की एक आकडा मिळतो. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा साधारण १ असतो. वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉल घेणाऱ्या बहुतेकांचा तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. काही कृत्रिम झडपांना त्याहून थोडा वर, साडेतीनपर्यंत चालवतात. आकडा २ च्या खाली गेला तर गाठ होण्याची भीती, ४ च्या वर गेला तर रक्त वाहण्याची भीती.

घोणस चावल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे स्थिर ठेवतात आणि ते गोठले का ते पाहतात. ही तपासणी पुष्कळांनी पाहिलेली असते. ती सर्पदंशासाठी चांगली आहे, पण दात काढण्यासाठी तिच्यावर विसंबून चालत नाही. इथे आकडाच हवा, आणि तोही ताजा. स्कॉटलंडच्या दंतवैद्यकीय मार्गदर्शनानुसार तपासणी दात काढण्याच्या आधीच्या २४ तासांतली असावी. ज्याचा आकडा महिनोन् महिने स्थिर आहे, त्याला ७२ तासांपर्यंतची चालते. आकडा ४ च्या खाली असेल तर गोळी बंद न करता साधा दात काढता येतो, असे हे मार्गदर्शन सांगते. अनेक दंतवैद्य अधिक सावध राहून साडेतीनची मर्यादा पाळतात. तीन महिन्यांपूर्वीचा कागद घडी घालून खिशात ठेवला असेल, तर तो दात काढण्याच्या कामाचा नाही.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि नव्या गोळ्यांचा परिणाम या आकड्यावरून मोजता येत नाही. "माझा आय.एन.आर. एक आला, म्हणजे काही भीती नाही," असे स्टेंटच्या रुग्णाने समजू नये. त्याच्याबाबत गोळी कोणती, किती आणि कधीपासून, हीच माहिती महत्त्वाची.

गोळी बंद केली तर?

हा या लेखाचा कळीचा प्रश्न आहे. दातासाठी गोळी थांबवण्याची पद्धत पूर्वी डॉक्टरांमध्येही होती. अमेरिकेतील दंतवैद्य वाहल यांनी १९९८ मध्ये तोवर प्रसिद्ध झालेल्या अहवालांचा धांडोळा घेतला. दाताच्या कामासाठी ज्यांची गोळी थांबवली होती, अशा ४९३ रुग्णांपैकी पाच जणांना गाठ अडकून गंभीर त्रास झाला आणि त्यांतले चौघे दगावले. उलट गोळी चालू ठेवून दात काढलेल्या साडेसातशेहून अधिक रुग्णांपैकी जेमतेम बारा जणांना नेहमीच्या स्थानिक उपायांपेक्षा जास्त काही करावे लागले. रक्त वाहून त्यांतले कोणी मेले नाही.

दाताच्या खड्ड्यातले रक्त डोळ्यांना दिसते, बोटाने दाबता येते, टाका घालून थांबवता येते. मेंदूच्या शिरेत अडकलेली गाठ दिसत नाही, तिथे बोट पोचत नाही. कृत्रिम झडपेवर गाठ धरली तर झडपच अडकते. स्टेंट नवा असताना क्लोपिडोग्रेल बंद केली तर स्टेंट बंद पडून पुन्हा झटका येऊ शकतो. दातातून एक रात्र रक्त पाझरणे आणि आयुष्यभर एक बाजू लुळी पडणे, यांची तुलनाच होत नाही.

शिवाय या गोळ्या आज बंद केल्या म्हणून आजच त्यांचा परिणाम जात नाही. ॲस्पिरिनचा परिणाम आठवडाभर ते दहा दिवस रेंगाळतो. वॉर्फरिनचा उतरायला चार-पाच दिवस लागतात, आणि पुन्हा सुरू केली की लागू पडायलाही तितकेच दिवस जातात. या मधल्या काळात माणूस उघडा पडतो. नव्या गोळ्यांचा परिणाम लवकर उतरतो, म्हणून जास्त दात काढायचे असतील तर त्या दिवशी सकाळची एक मात्रा चुकवायला किंवा उशिरा घ्यायला सांगतात. एक ते तीन साधे दात असतील तर बहुधा तेही करावे लागत नाही. पण हा निर्णय डॉक्टरांचा. आपण होऊन एकही गोळी कमी करायची नाही आणि वाढवायचीही नाही.

दंतवैद्य काय करतात?

तोंडातली जखम इतर जखमांसारखी नसते. दात निघाला की हाडात खोल खड्डा राहतो. त्याच्यावर पट्टी बांधता येत नाही. वर जीभ सतत फिरते, लाळ वाहते, आणि लाळेत झालेली गुठळी विरघळवण्याचा गुण असतो. म्हणून गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत दंतवैद्य पायरीपायरीने काम करतात.

पहिले म्हणजे, एका वेळी एक-दोनच दात काढतात. सहा दात काढायचे असतील तर तीन खेपा होतात. यात चालढकल नसते, ही काळजी असते. दुसरे, हिरडी आणि हाड शक्य तितके कमी दुखावतात आणि खड्ड्यातला सडका भाग साफ करतात. तो राहिला तर रक्त पाझरत राहते. तिसरे, खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज किंवा रक्त थांबवणारी सेल्युलोजची जाळी भरतात. ती गुठळीला आधार देते आणि पुढे आपोआप विरते. चौथे, वरून टाके घालून हिरडीच्या कडा जवळ आणतात. पाचवे, जाड गॉज ठेवून वीस ते तीस मिनिटे दाताने घट्ट दाबून धरायला लावतात. आणि सहावे, रक्त खरोखर थांबले हे पाहिल्याशिवाय रुग्णाला खुर्चीतून सोडत नाहीत. "एसटी चुकतेय, सोडा लवकर," अशी घाई त्या वेळी करू नये.

याला जोड म्हणून ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे औषध आहे. जपानमधील ओकामोटो दांपत्याच्या संशोधनातून ते १९६० च्या दशकात पुढे आले. हे रक्त गोठवत नाही. झालेली गुठळी विरघळू देत नाही. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात जे इंजेक्शन देतात, ते हेच. दातासाठी याचे पाच टक्क्यांच्या आसपासचे द्रावण करून तोंडात धरायला देतात. १९८९ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी गोळी चालू असलेल्या ३९ रुग्णांवर प्रयोग केला. साधे द्रावण दिलेल्या २० पैकी आठ जणांना मागाहून रक्तस्राव झाला. या औषधाचे द्रावण दिलेल्या १९ पैकी फक्त एकाला. दहा मिलिलिटर द्रावण दोन मिनिटे तोंडात नुसते धरायचे, दिवसातून चार वेळा. ऑस्ट्रेलियातील २००३ च्या एका अभ्यासात दोन दिवसांचा वापर पाच दिवसांइतकाच गुणकारी ठरला. हे औषध दंतवैद्याने दिले तरच वापरावे.

कृत्रिम झडपेच्या रुग्णाची आणखी एक गोष्ट असते. दात काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरतात आणि झडपेवर घर करू शकतात. म्हणून त्याला दात काढण्याच्या साधारण तासभर आधी प्रतिजैविकाची एक मोठी मात्रा देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तीही आधीच सांगावी.

वेळ कोणती, जागा कोणती?

दात सकाळी काढावा आणि आठवड्याच्या सुरुवातीला काढावा. बधिरतेच्या इंजेक्शनमध्ये शिरा आकसवणारे औषध असते. त्याचा असर दोन-तीन तासांनी उतरला की थांबलेले रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. सकाळी दात काढला असेल तर तोवर दवाखाना उघडा असतो. शनिवारी संध्याकाळी काढला तर रात्री एसटी नाही आणि रविवारी दवाखाना बंद, अशी गत होते. मार्केट यार्डाची पट्टी आणि दात एकाच दिवशी उरकण्याची रीत या रुग्णांनी सोडावी, ती याचसाठी. जमल्यास ती रात्र पुण्यात नातेवाइकांकडे काढावी. भोर, वेल्हे, जुन्नरच्या डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाने तर नक्कीच.

साधा दात आणि स्थिर आकडा असेल तर तालुक्याच्या गावचा पदवीधर दंतवैद्यही हे काम करू शकतो. मात्र दोन-दोन गोळ्या एकत्र चालू असतील, स्टेंट नुकताच बसवला असेल, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, अक्कलदाढ हाडात अडकली असेल, तर जिथे दंतविभाग आणि डॉक्टर दोन्ही एका छपराखाली आहेत, तिथे जावे. पुण्यात रेल्वे स्टेशनजवळचे ससून रुग्णालय आहे. धनकवडीचे भारती विद्यापीठ, आझम कॅम्पसमधील रंगूनवाला, वडगावचे सिंहगड आणि पिंपरीचे डी. वाय. पाटील अशी दंतमहाविद्यालये आहेत. रस्त्याकडेला बसून दात उपटणाऱ्याकडे कोणीच जाऊ नये. गोळी घेणाऱ्याने तर त्या बाजूला फिरकूही नये.

घरी गेल्यावर

पहिले २४ तास गुळण्या करायच्या नाहीत. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चांगल्या असतात, पण त्या दुसऱ्या दिवसापासून, आणि हळुवार. पहिल्या दिवशी चूळ भरली की गुठळी निघून जाते. औषधी द्रावणही खळखळवायचे नाही. धरायचे आणि तोंड वाकवून सांडू द्यायचे. सारखे थुंकायचे नाही. गरम चहा नाही, तिखट रस्सा नाही, कडक भाकरी नाही. गार ताकभात, दहीभात, गार केलेली पेज चालेल. बिडी, तंबाखू, मिश्री आणि दारू बंद. वाकून ओझे उचलणे, पाणी शेंदणे, फवारणीचा पंप पाठीवर घेणे एक-दोन दिवस टाळावे. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात.

खड्ड्यात तुरटी, चुना, तंबाखूची गोळी, लवंगेची पूड भरण्याचा उद्योग घरच्या वडीलधाऱ्यांनी करू नये. त्याने जखम भाजते, सडते आणि रक्त वाढते. आजीचा बटवा इथे बंदच ठेवावा.

पहिल्या दिवशी लाळ गुलाबी येणे स्वाभाविक आहे. थेंबभर रक्त लाळेत मिसळले तरी पुष्कळ वाटते, त्याला घाबरू नये.

रात्री रक्त सुरू झाले तर

माणसाला बसवावे, आडवे करू नये. तोंडात जिलेबीसारखी लोंबणारी मोठी गुठळी असेल तर स्वच्छ कापडाने पुसून काढावी. स्वच्छ गॉज, नसेल तर धुतलेल्या सुती रुमालाची जाड घडी पाण्याने ओलसर करून बरोबर खड्ड्यावर ठेवावी आणि दात घट्ट मिटायला सांगावे. घड्याळ लावून तीस मिनिटे. मध्ये 'थांबलं का बघू' म्हणून उघडायचे नाही. दर दोन मिनिटांनी उघडून पाहण्याने रक्त थांबत नाही, हीच नेहमीची चूक. घडी खड्ड्यावर बसली पाहिजे, नुसती गालात ठेवून उपयोग नाही.

दोनदा असे करूनही रक्त थांबले नाही, तोंड सारखे रक्ताने भरू लागले, चक्कर आली, घाम फुटला किंवा श्वास लागला तर वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. जाताना गोळीचे पाकीट आणि शेवटचा आय.एन.आर. सोबत न्यावा. घरी बसून 'के' जीवनसत्त्वाची गोळी किंवा इंजेक्शन परस्पर घेऊ नये. त्याने झडपेवर गाठ धरण्याचा धोका असतो. दात काढून चार-पाच दिवसांनी रक्त आले तर बहुधा जखमेत पू झालेला असतो. तेव्हाही दंतवैद्याकडे जावेच.

आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका हातापायातली शक्ती जाणे, छातीत कळ येणे ही गाठ अडकल्याची लक्षणे आहेत. यात मिनिटालाही किंमत आहे.

वेदनाशामके आणि पालेभाज्या

दात दुखतो म्हणून मेडिकलमधून मिळेल ती गोळी घेण्याची सवय घातक आहे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. पॅरासिटामॉल साधारणपणे सुरक्षित, तीही बेताने. दाताच्या पुवासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल वॉर्फरिनचा असर बराच वाढवते. तोंड आल्यावर लावायच्या मायकोनाझोल जेलनेही तसेच होते. ही औषधे लिहून दिली गेली तर "मला रक्त पातळ व्हायची गोळी आहे" हे वाक्य डॉक्टरांसमोर पुन्हा एकदा म्हणावे. दोनदा सांगितल्याने कोणी रागावत नाही.

मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. म्हणून कोणी पालेभाजी वर्ज्य करतो, ते चूक. खावी, पण रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे. पावसाळ्यात रानभाज्यांचा सुकाळ आणि उन्हाळ्यात भाजीच नाही, असे झाले की आकडा वरखाली होतो. दात दुखतो म्हणून चार दिवस जेवण सुटले तरी आकडा वर जातो. अशा वेळी तपासणी लवकर करून घ्यावी.

गावाने काय करावे?

गावोगाव दंतशिबिरे भरतात. मंडप पडतो, रांग लागते आणि दिवसभरात बरेच दात निघतात. सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एक काम जरूर करावे. नोंदणीच्या टेबलावर एकच प्रश्न विचारणारा माणूस बसवावा: "हृदयाची, अर्धांगाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का?" उत्तर 'हो' आले की त्या माणसाचा दात मंडपात काढायचा नाही, त्याला तपासून चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवायचे. खर्च काही नाही, पण एखादा जीव वाचेल.

आशाताई घरोघर फिरतात. आपल्या वाडीतल्या अशा रुग्णांची यादी त्यांच्या वहीत असावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गॉज आणि ट्रॅनेक्झामिक ॲसिड कपाटात आहे की नाही ते पाहावे. जवळची आय.एन.आर.ची सोय कुठे आहे, ते केंद्राच्या फळ्यावर लिहून ठेवावे.

मुळात दात काढायची वेळ येऊ नये, हे सर्वांत चांगले. मिश्रीने हिरड्या झिजतात आणि पस्तिशी-चाळिशीत बायाबापड्यांचे दात हलू लागतात. झडपेची शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधीच दात दाखवून खराब दातांचा निकाल लावून घ्यावा. गोळी सुरू झाल्यावर करायची यातायात त्याने वाचते.

सातबारा, पासबुक आणि आधार कार्ड आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. त्याच पिशवीत एक जाड कागद ठेवा. त्यावर गोळीचे नाव, ती कशासाठी चालू आहे, शेवटचा आय.एन.आर. आणि त्याची तारीख, डॉक्टरांचा फोन एवढे लिहा. दाताच्या खुर्चीत बसण्याआधी तो कागद पुढे करा. मग दात काढायची भीती राहणार नाही आणि रोजची गोळीही चुकणार नाही.